मांडव, ताडपत्री आणि वाया गेलेला अर्धा तास

ताई, नमस्कार.

मी लग्नाचे फोटो काढतो. आजवर बहुतेक ऑर्डरी हॉलमधल्याच होत्या. अलीकडे लोकांना गावाकडे, शेतात किंवा माळावर उघड्यावर लग्न करायची हौस आली आहे, म्हणून मीही तशा ऑर्डरी घ्यायला लागलो. परवाच्या लग्नात सकाळपासून डोळे दिपवणारं ऊन होतं. विधीला थोडाच वेळ उरला असताना आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि पाऊस कोसळला. सगळे निळ्या ताडपत्रीच्या मांडवात शिरले. थोडं थांबू, मग बघू, असं करता करता अर्धा तास गेला आणि शेवटी विधी तिथेच उरकला. माझा लाइट स्टँड वाऱ्याने आडवा होऊन फ्लॅश फुटला. फोटोंत सगळ्यांचे चेहरे निळसर आले आहेत. घरच्यांचे एकत्र फोटो विधीनंतर काढायचे ठरले होते, ते राहूनच गेले. आता घरचे म्हणतात, दुसरा कोणी असता तर त्याने सांभाळून घेतलं असतं. उरलेले पैसे द्यायलाही टाळाटाळ चालली आहे. पुढच्या महिन्यात अशीच दोन लग्नं आहेत. वॉटरप्रूफ कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू, की उघड्यावरच्या ऑर्डरी घेणंच सोडून देऊ?

— एक हवालदिल फोटोग्राफर

नमस्कार,

कर्ज काढू नका.

तुमचं पत्र पुन्हा वाचून बघा. त्यात कॅमेरा बंद पडल्याचं कुठेच नाही. चेहरे निळे झाले ते ताडपत्रीमुळे, एकत्र फोटो राहिले ते वेळेमुळे आणि फ्लॅश फुटला तो वाऱ्यामुळे. यातलं काहीही महागड्या कॅमेऱ्याने वाचलं नसतं. शिवाय तुम्ही ज्याला वॉटरप्रूफ म्हणता तो कॅमेरा बहुधा ‘वेदर सील्ड’ असतो. त्याच्या सांध्यांना आणि बटणांना रबराची सील असतात, म्हणजे भुरभुर पाऊस आणि उडणारी धूळ तो बऱ्यापैकी सोसतो. लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या माउंटला तसंच रबर नसेल तर पाणी तिथून आत जातं आणि कॅमेऱ्याच्या सीलचा काही उपयोग राहत नाही. एवढं करून पाणी शिरलंच, तर बहुतेक कंपन्या ते नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. दोन साधी रेन कव्हर घ्या. तीही मिळाली नाहीत तर जाड पॉलिथिनच्या पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडा आणि हूडवर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायच्या कडेवर, रबर बँडने ती घट्ट बसवा. हूड मात्र पावसात कायम लावलेला असू द्या. समोरच्या काचेवर थेंब बसू न देण्याचं अर्धं काम तोच करतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर त्या दिवसापुरती दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, भाड्याने घ्या. एकीवर वाइड लेन्स आणि दुसरीवर लांबची, असं असलं की वाऱ्यात, धुळीत, पावसात लेन्स बदलायची वेळ येत नाही. कॅमेरा उघडा पडतो तो नेमका त्या बदलाबदलीतच.

माझ्या मते तुमचं काम त्या अर्ध्या तासात बिघडलं. पाऊस पडत होता आणि पुढे काय करायचं हे कोणीच ठरवत नव्हतं. उघड्यावरच्या लग्नात हे सर्रास होतं. घरातले मोठे पाहुण्यांत अडकलेले, नवरा-नवरीला कोणी विचारत नाही, मंडपवाला म्हणतो ‘पाच मिनिटांत थांबेल’, आणि फोटोग्राफर ‘हे माझं काम नाही’ म्हणत कोपऱ्यात उभा. अशा वेळी उजेड रोज जातो तसाच निघून जातो. पाऊस थांबेपर्यंत सूर्य कलतो आणि विधी घाईघाईत, जिथे जमेल तिथे उरकला जातो.

म्हणून ऑर्डर घेतानाच विचारायचं : पाऊस आला तर विधी कुठे होईल? ‘नाही हो येणार’ या उत्तरावर समाधान मानू नका, जागा दाखवायला सांगा. आणि हलायचं की नाही हे कोण ठरवणार, त्या एकाच माणसाचं नाव घ्या. ते नवरा-नवरीचं नसावं, दोघांच्या आईवडिलांचंही नसावं. त्या दिवशी त्यांच्या डोक्याला हा ताप नको. एखादी मावशी, आत्या किंवा थोरला भाऊ, ज्याचं सगळे ऐकतात, असं कोणीतरी. त्याच्याशी वेळ ठरवून ठेवा, समजा विधीच्या दीड तास आधीची. त्या वेळी आभाळ आणि फोनवर पावसाचं रडार बघून एकदाच निर्णय घ्यायचा, मग मागे फिरायचं नाही. आडोशाला गेल्यावर ऊन पडलं तर पडू द्या. बाहेरचे फोटो नंतर काढता येतात. अर्धवट हललेली खुर्च्यांची रांग मात्र फोटोत फार केविलवाणी दिसते.

जागा बघायला एकदा आधी जाऊन या, तेही विधीच्या वेळेलाच. सकाळी अकराला बघितलेली जागा संध्याकाळी पाचला वेगळीच असते. आडोशाची जागा निवडताना छपरापेक्षा उघडी बाजू बघा. एका बाजूने उघडी पडवी, गोदाम किंवा शेड असेल तर पावसाळी आभाळाचा मऊ उजेड त्या एकाच बाजूने येतो. मोठ्या खिडकीजवळ मिळतो तसा. विधी आत खोलात न करता उघड्या बाजूपासून दोन-तीन हातांवर, बाहेर तोंड करून ठेवायला सांगा. पाणी आत उडत नाही आणि चेहऱ्यावर छान उजेड येतो. आतला काळोख पाठीमागे राहतो, त्यामुळे माणसं उठून दिसतात. अशा जागी भर पावसात काढलेले फोटो भर दुपारच्या उन्हातल्या फोटोंपेक्षा देखणे येतात, हे मी पैजेवर सांगेन.

आता ताडपत्रीचं. तिच्यातून गाळून येणाऱ्या उजेडात लाल रंग जवळजवळ उरतच नाही, आणि त्वचेचा जिवंतपणा तर लालसर छटेवरच असतो. जे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उतरलंच नाही ते रंगांचा तोल सुधारणारा व्हाइट बॅलन्सचा स्लायडर कुठून आणणार? त्यातून कडेने साधा दिवसाचा उजेड आत येतो, म्हणजे एक गाल निळा आणि दुसरा बरा. एका गालासाठी रंग सुधारला की दुसरा केशरी होतो. त्यावर फ्लॅश छताकडे वळवला तर निळ्या छतावरून निळाच उजेड खाली येतो. मांडवाला पांढरं कापड असावं हे घरच्यांना आणि मंडपवाल्याला आधीच सांगा. ताडपत्री लागणारच असेल तर ती वरून, आणि तिच्या खाली पांढरं कापड. त्यानेही थोडी निळी झाक राहते, पण ती सगळीकडे सारखी असते आणि सारखी झाक काढता येते. तेही जमलं नाही तर माणसांना मांडवाच्या कडेला आणा आणि फ्लॅश पांढऱ्या रिफ्लेक्टरवरून किंवा सॉफ्टबॉक्समधून (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीतून) थेट द्या. तिथे पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे ग्रे कार्डचा, म्हणजे नंतर रंग जुळवायला लागणाऱ्या करड्या पुठ्ठ्याचा, एक फोटो. आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, दोन मेमरी कार्डांचा स्लॉट असेल तर दोन्हीवर एकाच वेळी.

काढून झालेल्या फोटोंपैकी जे फार निळे आहेत ते कृष्णधवल करा. पळवाट म्हणून नाही, तिथे तोच खरा मार्ग आहे. भाव चांगले असतील तर रंग गेल्याचं कोणाला जाणवत नाही. बाकीच्यांत मास्क लावून, म्हणजे चेहऱ्यापुरता भाग निवडून, वेगळी दुरुस्ती करावी लागेल. अल्बममध्ये निळे आणि दुरुस्त केलेले फोटो एकाच पानावर येऊ देऊ नका.

ऊन-सावलीच्या खेळाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमची पुढची अडचण तीच असणार. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१०० सेकंद धरलं तर लख्ख उन्हात साधारण एफ १६ लागतं (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, तो जितका लहान तितकं भोक मोठं), पातळ ढगांत एफ ११, पूर्ण झाकोळलं की एफ ८ आणि गच्च काळोखी आली की एफ ५.६. म्हणजे एक मोठा ढग आला की तीन स्टॉप गेले, दर स्टॉपला निम्मा होत उजेड आठपट कमी झाला. वाऱ्याच्या दिवशी हे मिनिटामिनिटाला होतं. अशा वेळी सगळं मॅन्युअलवर ठेवून प्रत्येक ढगाबरोबर चाकं फिरवत बसू नका. अ‍ॅपर्चर आणि शटर तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी सेटिंग) थोडं उणे ठेवा, म्हणजे ऊन अचानक उघडलं तरी फोटोतले पांढरे कपडे तपशील जाऊन नुसते पांढरेफटक होणार नाहीत. फ्लॅश वापरत असाल तर मात्र ऑटो आयएसओ घोळ घालतो, तेव्हा ते बंद.

हवामानाचं अ‍ॅप बघताना ‘४० टक्के पाऊस’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे, आणि पावसाचा जोरही नव्हे. त्या ठिकाणी त्या वेळात पाऊस पडण्याची ती शक्यता असते, बस. आदल्या दिवशी अंदाज बघा आणि लग्नाच्या दिवशी रडार, कारण पुढच्या तासा-दोन तासांचं चित्र त्यातच दिसतं. खेड्यात नेटवर्क दगा देतं, तेव्हा रेंज आहे तोवरच स्क्रीनशॉट काढा आणि रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. अ‍ॅप नसलं तरी एक खूण चांगली आहे. उकाड्यात अचानक गार वाऱ्याचा झोत अंगावर आला, तर ती वादळी ढगातून पावसाबरोबर खाली कोसळून जमिनीवर पसरलेली हवा असते. हातात थोडीच मिनिटं आहेत असं समजा. त्या मिनिटांत आधी स्टँड आडवे, मग बॅगा झाकायच्या, मग माणसं.

स्टँडबद्दल एवढंच, की सॉफ्टबॉक्स आणि फ्लॅशची छत्री वाऱ्यात शिडासारखी फुगतात. दोन रिकामी पोती मागून घ्या, त्यांत माती भरा आणि स्टँडच्या पायांवर खाली टाका, वर लटकवू नका. वारा वाढला की सॉफ्टबॉक्स उतरवून नुसता फ्लॅश ठेवा, नाहीतर स्टँड सोडून फ्लॅश एखाद्या माणसाच्या हातात द्या. हौशी पोरं कुठल्याही लग्नात भेटतात आणि ती स्टँडपेक्षा बरी ऐकतात.

विजेच्या बाबतीत मात्र हौस नको, आणि घरच्यांचा आग्रहही ऐकू नका. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर काम थांबवून पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याच्या बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. मांडव आणि झाडाखालची जागा दोन्ही धोक्याचीच. मोकळ्या माळावर उभा केलेला धातूचा स्टँड किंवा हातातली छत्री, दोन्ही तेवढ्या वेळात नकोत.

वीज नसेल, नुसता पाऊस असेल, तर दोघांना विचारून तर बघा. बरीच जोडपी हौसेने भिजतात. छत्री पारदर्शक किंवा पांढरी न्या, कारण तिच्यातून उजेड चेहऱ्यावर उतरतो. लाल छत्रीखाली चेहरे लाल होतात आणि काळ्या छत्रीखाली डोळे खोबणीत जातात. पाऊस फोटोत दिसायला हवा असेल तर त्याला मागून उजेड लागतो. एक फ्लॅश पिशवीत गुंडाळून दोघांच्या मागे, त्यांच्या अंगाआड लपेल असा, कॅमेऱ्याकडे तोंड करून ठेवा. फ्लॅशची ताकद पूर्णच्या १/१६ पासून सुरू करा, शटर १/२००. पार्श्वभूमी गडद हवी. दाट झाडी किंवा शेडचा काळोख चालेल, पांढऱ्या आभाळापुढे मात्र थेंब दिसतच नाहीत. हे जमलं की प्रत्येक थेंब मण्यासारखा चमकतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारलात तर लेन्सजवळचे थेंब पांढरे गोळे होऊन सगळ्या चित्रावर पसरतात. आणि फ्लॅश ओला झाला तर तो उघडून पुसत बसू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जबर व्होल्टेज साठलेलं असतं.

पाऊस ओसरल्यावर लगेच कॅमेरे आवरू नका. संध्याकाळ जवळ आली असेल आणि सूर्य उघडला असेल तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या सावलीच्या डोक्याच्या दिशेपासून ४२ अंशांवर इंद्रधनुष्य दिसतं, म्हणून सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असताना ते जमिनीवरून दिसत नाही. दुपारी एक वाजता त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. लेन्सवर बसवायचा पोलरायझर फिल्टर असेल तर तो फिरवून बघा. एका बाजूला धनुष्य गडद होतं आणि दुसरीकडे फिरवलं की चक्क गायब होतं. चुकीच्या बाजूला फिरवून ठेवलेल्या फिल्टरमुळे इंद्रधनुष्य हुकलेले लोक मला माहीत आहेत.

एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडू नका. पावसानंतरच्या दमट हवेत थंड काचेवर वाफ धरते, बाहेरून आणि कधी आतूनही. बॅग एसीच्या झोतापासून लांब, डिकीत ठेवा आणि पोहोचल्यावर अर्धा तास तरी बंदच असू द्या. आतून वाफ धरलीच तर लेन्स काढायची नाही, आपोआप जाईपर्यंत थांबायचं. घरी आल्यावर सगळं सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तांदूळ पाणी फारसं ओढत नाही आणि त्याचं पीठ मात्र फटींत जातं.

रात्री जनरेटरवरच्या एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० किंवा १/६०. बॅटऱ्या घरूनच भरून न्या. जनरेटरच्या भरवशावर चार्जर लावून ठेवणं मला पटत नाही.

आता त्या घरच्यांचं. पाऊस ही तुमची चूक नव्हे, निळी ताडपत्रीही तुम्ही लावली नव्हती. पण एकत्र फोटो राहिले त्यात तुमचाही वाटा आहे. आभाळाचा भरवसा नसेल तेव्हा घरच्यांचे एकत्र फोटो विधीच्या आधी, माणसं जमली की लगेच काढायचे. सगळ्यात जास्त माणसं लागतात असे फोटो आधी आणि दोघांचे सवडीने. तेव्हा फोन करा आणि स्वतःहून सांगा की मी एक दिवस येऊन घरच्यांचे एकत्र फोटो काढून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत. बिलात सूट मात्र देऊ नका. सूट दिल्याने त्यांचा राहिलेला फोटो परत येत नाही आणि तुम्ही मात्र सगळ्याचा दोष कबूल केल्यासारखं होतं. आधी दुरुस्त केलेले चांगले वीसेक फोटो पाठवा आणि मगच पैशांचा विषय काढा. माणसं रागावलेली असतात तोवर त्यांच्या डोळ्यांसमोर न झालेलेच फोटो असतात.

पुढच्या दोन ऑर्डरींना आता लेखी काहीतरी हवंच. आडोशाची जागा कोणती, निर्णय कोणाचा आणि किती वाजता, पावसामुळे कार्यक्रम लांबला तर जादा वेळेचं काय, वीज कडाडत असताना तुम्ही काम थांबवाल, आणि अमुक एक फोटो उघड्यावरच मिळेल अशी हमी नाही. पानभर पुरेल. दोघांना याच आठवड्यात फोन करून जागा बघायची वेळ घ्या. ऑर्डर सोडायची ती एकाच कारणासाठी : आडोशाची जागा नाही, आणि ती शोधायची त्यांची तयारीही नाही. तसं झालं तर त्यांना दुसरा फोटोग्राफर शोधायला वेळ मिळेल इतक्या आधी नकार कळवा, आणि अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी परत करा.